ऊर्जेची बचत आणि अपरिग्रह

एखादे काम कमी ऊर्जेत करणे हा केवळ हिशेबाचा भाग आहे की त्याला नैतिक मूल्यही आहे, हा प्रश्न लाकडापासून यांत्रिक पद्धतीने लगदा करणाऱ्या उद्योगात ठळकपणे उभा राहतो. १८४४ च्या सुमारास सॅक्सनीत फ्रीडरिश गॉटलोब केलर याने ओल्या दगडावर लाकूड घासून लगदा काढण्याची रीत शोधली. पुढे स्वीडन, फिनलंड, कॅनडा येथील गिरण्यांत लाकडाचे वाफवलेले तुकडे खाचांच्या पोलादी तबकड्यांमध्ये दळले जाऊ लागले. रासायनिक पद्धतीत लाकडाचा जेमतेम निम्मा भाग लगदा म्हणून हाती येतो, तर यांत्रिक पद्धतीत ९० टक्क्यांहून अधिक. मात्र वृत्तपत्री कागदाजोग्या एक टन लगद्यासाठी सुमारे २,००० किलोवॅट-तास किंवा त्याहूनही अधिक वीज लागते आणि तिचा बहुतांश भाग उष्णतेत जातो. या उष्णतेची वाफ कागद सुकवण्यासाठी वापरता येत असली, तरी उच्च दर्जाची ऊर्जा हलक्या कामी लागते, ही उणीव उरतेच.

विजेची ही गरज घटवण्याचे उपाय लाकडाचा स्वभाव ओळखण्यातून निघाले आहेत. तंतूंना परस्परांशी जखडणारे लिग्निन हे द्रव्य वाफेने, सल्फाइटच्या सौम्य प्रक्रियेने किंवा लिग्निन पचवणाऱ्या बुरशीने आधी सैल केले, तर दळण्याचे श्रम कमी होतात. परंतु उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर तेच लिग्निन तंतूंवर थर धरते आणि पुढचे काम अवघड करते. वस्तूवर जबरदस्ती न करता तिच्या धर्मानुसार वागणे ही अहिंसेच्या जवळची वृत्ती होय.

तरीही एवढ्याने बचत सद्गुण ठरत नाही. कोळशाचा वापर काटकसरीचा झाला की त्याचा एकूण खप उलट वाढतो, असे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये प्रतिपादन केले होते. पतंजलीच्या योगदर्शनातील यमांपैकी अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न घेण्याचे व्रत, नेमके येथे उपयोगी पडते. टनामागे किती वीज लागावी, याचे उत्तर तंत्रज्ञ देऊ शकतो. किती टन कागद हवा, हे वापरणाऱ्यानेच ठरवावे लागते. मर्यादा न मानणारी कार्यक्षमता भोगाचीच दासी होते, तर कार्यक्षमतेची पर्वा न करणारा संयम आवश्यक त्या वस्तूसाठीही निसर्गावर अनावश्यक भार टाकतो. म्हणून दोहोंची सांगड घातली जाते, तेव्हाच बचतीला धर्माचे अधिष्ठान लाभते.