आहेराची वही



लग्नसराई आली की घरोघरी आहेराच्या वह्या बाहेर निघतात. त्यांनी किती दिले होते ते पाहून आपण पाकीट भरतो. (कमी देणाऱ्याची आठवण तर वहीशिवायही राहते!) यात पाप नाही, पण ही परतफेड झाली, दान नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात (१४:१२-१४) प्रभू येशू यजमानाला सांगतो, मेजवानीला गोरगरिबांना, लंगड्या-आंधळ्यांना बोलाव. का? त्यांच्याजवळ परत द्यायला काहीच नसते. १८३३ साली पॅरिसमध्ये २० वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम मित्रांसह गरिबांच्या घरी जाऊ लागला. त्यातूनच संत विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. यंदा पत्रिका वाटताना आपण एक तरी पत्रिका अशा घरी देऊ या, जिथून पाकीट येणार नाही.