समृद्धी : सन्मान की कसोटी?

भरभराट हे अल्लाहच्या प्रसन्नतेचे लक्षण मानावे काय? पवित्र कुरआनच्या सूरह अल्-फज्रमध्ये (आयत १५ ते २०) मनुष्याचा एक जुना भ्रम उघड केला आहे. सुबत्ता लाभली की तो समजतो, पालनकर्त्याने माझा सन्मान केला; तंगी आली की त्याला वाटते, माझा अपमान झाला. कुरआन हे दोन्ही निष्कर्ष फेटाळतो आणि लगेच अनाथाकडे व गरिबाकडे लक्ष वेधतो. तुम्हाला किती मिळाले, यावरून तुमची किंमत ठरत नाही; मिळाल्यावर तुम्ही दुर्बलांशी कसे वागलात, याचा हिशेब होणार आहे.

हा भ्रम एका व्यक्तीला जडतो, तसाच संपूर्ण राष्ट्रालाही जडू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका हे त्याचे बोलके उदाहरण आहे. युरोप आणि जपान उद्ध्वस्त झाले असताना अमेरिकेचे कारखाने शाबूत होते. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणासाठी मदत आणि घरासाठी कर्जाची हमी मिळाली. १९४० साली सुमारे ४४ टक्के कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. १९६० मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले. १९५० साली शंभरातील जेमतेम नऊ घरांत टेलिव्हिजन होता, दहा वर्षांनी तो सत्त्याऐंशी घरांत पोहोचला.

याच काळात चर्चच्या सभासदांची संख्याही वाढत होती. नास्तिक साम्यवादाशी स्पर्धा असल्याने धर्मनिष्ठा ही राष्ट्रीय ओळख बनली. १९५४ मध्ये राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख आला आणि १९५६ मध्ये देवावरील विश्वास व्यक्त करणारे वाक्य देशाचे अधिकृत बोधवाक्य ठरले. आपली सुबत्ता म्हणजे देवाचा आशीर्वादच, असे अनेकांना मनापासून वाटत असे.

आता याच समाजाच्या दाराशी उभे राहून पाहू. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटाउन ही वसाहत उभी राहिली. चार-पाच वर्षांत तेथे सतरा हजारांहून अधिक घरे बांधली गेली. माजी सैनिकांना परवडणाऱ्या या घरांच्या सुरुवातीच्या करारांत मात्र एक कलम होते : घरकामाचे नोकर वगळता गोऱ्यांखेरीज कोणालाही येथे राहू देऊ नये. याच देशासाठी लढलेला कृष्णवर्णीय सैनिक त्या दारातून नोकर म्हणून आत जाऊ शकत होता, शेजारी म्हणून नाही. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरीही दारे बंदच राहिली. पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउनमध्ये १९५७ साली पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि दगडफेक झाली. काही शेजारी मात्र धैर्याने त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

त्या समाजातील विचारवंतांनाही ही विसंगती दिसत होती. पुढे भारतात राजदूत म्हणून आलेले अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, उत्पादन गरजा भागवतेच, शिवाय जाहिरातींच्या मदतीने नव्या गरजा निर्माणही करते. त्यामुळे खासगी वैभवाशेजारी सार्वजनिक दैन्य कायम राहते. १९६२ मध्ये मायकेल हॅरिंग्टन यांनी चार ते पाच कोटी अमेरिकन दारिद्र्यात असल्याचे मांडले. हे गरीब दूर कोठे नव्हते. सुखवस्तू लोकांच्या नजरेआड गेले होते, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, मग संपत्तीच वाईट काय? इस्लामची तशी शिकवण नाही. हजरत उस्मान (रजि.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे धनवान सहाबी होते. स्वतःचे घर, मुलांचे शिक्षण, आईच्या कष्टांत घट या देणग्याच आहेत. दोष देणगीचा नाही. देणगीलाच प्रमाणपत्र समजण्याचा आहे. एकदा सुबत्ता हा ईश्वरी सन्मान ठरला की, वंचिताचे दैन्य आपोआप त्याची लायकी ठरते, आणि मग त्याच्यासाठी दार न उघडताही मन शांत राहते.

लेव्हिटाउनच्या बंद दाराचे दुःख आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुसलमान म्हणून भाड्याचे घर नाकारले गेल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. परंतु ज्याला दार नाकारले गेले, त्याच्याही हाती कधीतरी एखाद्या दाराची किल्ली येते. आखाती देशांतील कमाईवर कोकणात कितीतरी मोठी घरे उभी राहिली. अनेक घरांच्या दर्शनी भागावर, हे सर्व माझ्या पालनकर्त्याच्या कृपेने आहे, अशा अर्थाचे अरबी शब्द कोरलेले असतात. हे उद्गार हजरत सुलैमान (अ.स.) यांचे असून सूरह अन्-नम्लमध्ये (आयत ४०) आले आहेत. मात्र ते तेथे थांबत नाहीत. मी कृतज्ञ होतो की कृतघ्न, याची परीक्षा घेण्यासाठी ही कृपा झाली आहे, असे ते लगेच पुढे म्हणतात. भिंतीवर आपण आयतीचा अर्धाच भाग कोरतो. उरलेला भाग दारात आलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, यातून वाचला जातो : मग तो गरीब नातेवाईक असो, कमी प्रतिष्ठेच्या बिरादरीचा असो वा परधर्मीय भाडेकरू असो.

अल्लाह आपल्याला देणगीबरोबर तिच्या परीक्षेची जाणीवही देवो. आमीन.