बाईंची बालवाडी

नागपुरातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं राहत होतं. दोघंही घरूनच काम करायची. त्यांच्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा होता. पावसात गेटपाशी कुडकुडत बसलेलं पिल्लू त्यांनी उचलून आणलं आणि ते घरचंच झालं. दोन वर्षांत त्याच्यावर एकटं राहायची वेळ कधी आलीच नाही. एक जण भाजीला गेलं, तर दुसरं घरात असायचं.

एप्रिलमध्ये दोघांनाही ऑफिसचं बोलावणं आलं. पहिल्या दिवशी त्यांनी मोतीला काही कमी पडू दिलं नाही. परातभर चिकन-भात, बादलीभर पाणी, नवा चेंडू. टीव्ही चालू, कूलर चालू. दारं-खिडक्या घट्ट लावल्या. निघताना बायकोनं त्याला कुशीत घेतलं, कितीतरी वेळ समजावलं, तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी कुलूप उघडलं. भाताला मोतीनं तोंड लावलं नव्हतं, वरची शितं वाळून कडक झाली होती. बादली लवंडली होती. दाराच्या आतल्या बाजूचं सनमायका नखांनी ओरबाडून काढलं होतं आणि उंबऱ्यापाशी लाळेचं थारोळं साचलं होतं. मोती भिंतीला टेकून धापा टाकत होता. नवऱ्याचा आवाज चढला तसे त्यानं कान पाडले, शेपूट पायांत घातली. "बघ, चूक केली हे कळतंय त्याला," नवरा म्हणाला.

पण ते खरं नव्हतं. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी हीच गोष्ट २००९ साली प्रयोगातून तपासली आहे. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे होतो. त्यानं काही केलं असो वा नसो. मोतीला एवढंच समजलं, की दिवसभर वाट पाहिलेली माणसं आली आणि आल्या आल्या चिडली.

दुसऱ्या दिवशी टीव्हीचा आवाज वाढवला. तिसऱ्या दिवशी भात वाढवला. मोती रडतच राहिला. शेजारी कुरकुरले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. नवरा म्हणाला, "काटोलला मामाच्या संत्र्याच्या बागेत सोडून येऊ. तिथे मोकळा राहील." बायको काहीच बोलली नाही.

खालच्या मजल्यावर एक बाई राहत. आयुष्यभर त्यांनी बालवाडी चालवलेली, त्यामुळे अख्खी सोसायटी त्यांना बाईच म्हणे. त्या वर आल्या. कुत्र्याकडे न बघता आधी कूलरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खिडकी बंद आणि कूलर चालू? अरे, हवा बाहेर जाणार कुठून? खोलीत नुसता दमटपणा भरतो. आपल्याला अंगभर घाम येतो. याला धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं, जिभेवरचं पाणी उडालं तरच. दमट हवेत ते उडत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर काय होईल याचं?"

नवऱ्यानं उठून खिडकी उघडली.

"आणि रडण्याचं?" बायकोनं विचारलं.

बाई खाली बसल्या. "बालवाडीच्या पहिल्या दिवशी पोरं का रडतात? आई गेली म्हणून नाही. ती परत येते हे अजून त्यांनी पाहिलेलं नसतं म्हणून. ज्याला ते पाहायला मिळतं, ते पोर आठवड्याभरात खेळायला लागतं. तुम्ही मोतीला सगळं दिलंत, पण तुम्ही परत येता हे शिकवायचं राहिलं. ते शिकल्याशिवाय परातभर भाताचा उपयोग नाही."

तोवर दिवसा मोतीनं बाईंकडे राहायचं असं ठरलं, कारण शिकवणी चालू असताना रडण्याची वेळ पुन्हा येऊन चालणार नव्हतं. संध्याकाळी शिकवणी. आधी किल्ली हातात घ्यायची आणि पुन्हा सोफ्यावर येऊन बसायचं. चपला घालायच्या आणि स्वयंपाकघरात जायचं. किल्लीचा आवाज झाला की मोती उठून उभा राहायचा. चार-पाच दिवसांनी तो नुसता एक डोळा उघडू लागला. मग दाराबाहेर पाऊल टाकायचं आणि तो रडायच्या आत परत यायचं. मग लिफ्टपर्यंत. मग गेटपर्यंत. जाताना मिठ्या मारायच्या नाहीत, आल्यावर सोहळा करायचा नाही. एकदा घाई करून ती दोघं थेट तासभर बाहेर राहिली, तर मोतीनं पुन्हा दार ओरबाडलं. बाई रागावल्या नाहीत. "दोन पायऱ्या खाली उतरा आणि तिथून पुन्हा सुरू करा," एवढंच म्हणाल्या. हे काम धिमं आहे, आणि मला वाटतं, बहुतेक घरांचा धीर इथेच सुटतो.

दरम्यान बाईंनी घर बघून घेतलं, तेही गुडघ्यांवर रांगत. मोतीच्या उंचीवरून जे दिसतं ते आपल्याला उभ्यानं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. चार्जरच्या वायरी वर गेल्या. टीपॉयवरच्या वाटीतले मनुके डब्यात गेले. मनुके आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. चॉकलेट आणि कांद्याची टोपलीही वरच्या फळीवर गेली. बाल्कनीचं दार बंद झालं. पाण्यासाठी सहज लवंडणार नाही असं जड दगडी भांडं आलं, आणि एक लवंडलंच तर म्हणून दुसरं. गळ्यातली साखळी काढली. एकट्या जनावराची साखळी कशात अडकली, तर सोडवणारं कुणी नसतं.

जून उजाडला तेव्हा सकाळी भरपूर फिरून आलेला मोती चार तास शांत झोपू लागला होता. कसं कळलं? जुना मोबाइल रेकॉर्डिंग लावून कपाटावर ठेवला होता. त्यात तो दोनदा उठून पाणी पिताना दिसला, एकदा दाराशी जाऊन हुंगताना, आणि पुन्हा पंख्याखाली आडवा होताना. ठेवलेला भातही त्यानं खाल्ला होता. ऑफिसचा दिवस त्याहून लांब, म्हणून घराची एक किल्ली बाईंकडे गेली. दुपारी त्या त्याला खाली फिरवून आणत.

दिवाळीत दोघांना तीन दिवस गावी जायचं होतं. नवरा म्हणाला, "बाई, आता राहतो की तो एकटा."

"चार तास वेगळे, रात्र वेगळी," बाई म्हणाल्या. "रात्री घरात माणूस पाहिजे."

बायकोचा मावसभाऊ येऊन राहायला तयार झाला. आठवडाभर आधीपासून तोच मोतीला संध्याकाळी फिरवू लागला, जेवण घालू लागला. डॉक्टरांचा नंबर दारामागे चिकटवला गेला. गावाला जायचा दिवस मात्र त्या दोघांनी बाईंना न विचारताच पुढे ढकलला. लक्ष्मीपूजनाला फटाके वाजत असताना मोतीजवळ आपणच असायचं, आणि भाऊबीजेच्या सकाळी निघायचं, असं त्यांनी ठरवलं.