करंडीचा धनी

अमेरिकेत टेक्सस राज्यात, डॅलसच्या उत्तरेला प्लेनो नावाचं शहर आहे. तिथल्या एका मराठी घरात चौदा वर्षांच्या मिहिरने साप पाळला होता. कॉर्न स्नेक जातीचा, बिनविषारी, अंगभर नारिंगी-तांबडे छपके असलेला. सापाला घरात घ्यायला आई कशीबशी तयार झाली होती. निदान नाव तरी आपल्या पसंतीचं असावं म्हणून रंगावरून तिनेच ते ठेवलं : केशर.

केशरचं करणं फारसं नव्हतं. काचेची पेटी, तिच्या एका टोकाला ऊब, लपायला आडोसा, पाण्याचं भांडं. जेवण आठवड्यातून एकदा. दुकानातून गोठवलेला उंदीर आणायचा, पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून ऊबदार करायचा आणि लांब चिमट्याने पुढे धरायचा. केशर झडप घाली, वेटोळ्यात आवळी आणि मग सावकाश डोक्याकडून गिळायला लागे. आईची अट एकच होती, उंदराचं भांडं स्वयंपाकघरात यायचं नाही आणि नंतर हात साबणाने धुवायचे. अट रास्त होती. गोठवल्याने साल्मोनेलाचे जंतू मरत नाहीत आणि अशा उंदरांमुळे अमेरिकेत माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत.

मिहिरला सलत होती ती किंमत. दर आठवड्याला खाऊच्या पैशांतून एक उंदीर, आणि हा साप तर पंधरा-वीस वर्षं जगणार. त्याने वही घेऊन हिशेब मांडला. उंदराची मादी 19 ते 21 दिवसांत विते. एका वेतात सहा-आठ पिल्लं, कधी दहाच्या वर. व्याल्यावर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं तीन आठवड्यांत आईच्या दुधावरून सुटतात आणि सहा आठवड्यांत स्वतः आईबाप व्हायच्या वयाची होतात. एक नर, तीन माद्या आणि जाळीच्या झाकणाचा एक प्लास्टिकचा टब, एवढ्या भांडवलावर सापाचं जन्माचं जेवण सुटत होतं. वहीच्या तळाशी त्याने जवळजवळ शून्य खर्च लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मार्चमध्ये गॅरेजात टब मांडला गेला. तळाला अ‍ॅस्पन लाकडाचा भुसा. सीडरचा भुसा छान वास देतो, पण त्यातली तेलं उंदरांच्या फुप्फुसांना बाधतात, हे मिहिरने वाचून ठेवलं होतं. पाण्याची उलटी बाटली, खायला कडक गोळ्या, घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या. सुरुवात अगदी व्यवस्थित होती.

एप्रिलमध्ये आजोबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले. मनमाडच्या सरकारी धान्यगोदामात त्यांची उभी नोकरी गेली होती. टब बघून ते पोट धरून हसले.

"अरे, मी जन्मभर उंदीर मारायचा पगार घेतला आणि माझा नातू उंदरांना खायला घालतोय!"

केशरला मात्र त्यांनी लगेच ओळखलं. मक्याच्या कोठारांमधून उंदरांच्या मागे फिरणारा साप म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ही इकडची धामणच की." गोदामात थप्प्यांच्या मागे धामण निघाली की हमाल काठ्या उचलत. आजोबा त्यांना आवरत. ती बिनपगारी नोकर आहे, तिला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

पहिल्या वेतात तिन्ही माद्या मिळून वीसच्या वर पिल्लं झाली. केसही न आलेली गुलाबी ती पिंकी, अंगावर लव आली की फझी, डोळे उघडून उड्या मारू लागली की हॉपर. साप पाळणाऱ्यांच्या तोंडी पिल्लांची ही अशीच नावं असतात. कोणत्या वयाचा साप काय गिळू शकेल, ते त्यांवरून ठरतं. मिहिरचा बेत असा होता की हवी तेवढी झाली की पिल्लं मारून गोठवून ठेवायची. दुकानवालेही तेच करतात. त्याची रीतही ठरलेली आहे : बंद डब्यात नळकांड्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडायचा, म्हणजे उंदीर आधी बेशुद्ध होतो. अगदी नवजात पिल्लांना मात्र कमी प्राणवायूची सवय असते, त्यांना फार वेळ लागतो. मिहिरने हे सगळं वाचलं, दोनदा वाचलं आणि काम उद्यावर टाकलं. मारण्याचं काम उद्यावर टाकता येतं. विण्याचं टाकता येत नाही.

तीन आठवड्यांत केशर तीन उंदीर खाई आणि टबात वीस-पंचवीस नवे येत. एका टबाचे तीन झाले, तिनाचे सहा. जूनमध्ये गॅरेजातला पारा चाळिशीला टेकू लागला, तेव्हा टब घरात कपडे धुण्याच्या खोलीत आले. नरांच्या मुताच्या उग्र वासाने धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागू लागले. वाढत्या वयाचे नर एकमेकांच्या शेपट्या चावून रक्तबंबाळ करत. गर्दीने बिथरलेल्या एका मादीने आपलीच पिल्लं खाल्ली. त्या दिवसापासून मिहिर टबात नीट बघेनासा झाला. दोन दिवसांनी झाकण उघडायचं, गोळ्या ओतायच्या, झाकण लावायचं.

एका सकाळी आजोबांनी विचारलं, "बाटली रिकामी आहे रे. पाणी कधी बदललंस?"

"घालतो नंतर. खायचेच तर आहेत ते, आजोबा."

आजोबांनी आपणच बाटली भरली. उलटी करून टबाला लावली, तशा चार उंदरांनी नळीवर गर्दी केली.

"हे बघ, मी काही संत नव्हे," ते म्हणाले. "मी बिळांत औषध घातलंय, सापळे लावलेत, मेलेल्या उंदरांच्या पाट्या मोजून रजिस्टरात लिहिल्यात. पण ते उंदीर चोरून यायचे. आपणहून आलेल्याशी वैर धरता येतं. यांना तू बोलावलंयस."

मिहिरला बोलणं टोचलं, पण तेवढ्यापुरतंच.

जुलैतली गोष्ट. गोठवलेले उंदीर संपले होते, नवे आणायचे तर इतक्या उंदरांच्या घरात ते हास्यास्पद दिसलं असतं, आणि स्वतः मारायचं धैर्य अजून झालं नव्हतं. रात्री झोपताना मिहिरने टबातला एक मोठा उंदीर शेपटीला धरून उचलला आणि जिवंतच केशरच्या पेटीत सोडला. पुढचं निसर्ग बघून घेईल, असं मनाशी म्हणून त्याने झाकणाची कडी लावली आणि दिवा मालवला.

केशरचे डोळे दोन दिवसांपासून दुधाळ निळसर झाले होते. साप कात टाकायला आला की असं होतं. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि तो सहसा खात नाही. मिहिरला हे ठाऊक होतं. त्या रात्री त्याने डोळ्यांकडे पाहिलंच नाही.

सकाळी उंदीर कोपऱ्यात मिशा साफ करत बसला होता. केशर आडोशात वेटोळं करून पडली होती आणि तिची पाठ तीन ठिकाणी मांसापर्यंत कुरतडलेली होती.

डॉक्टरांनी जखमा धुतल्या, प्रतिजैविकाची इंजेक्शनं लिहून दिली आणि शांतपणे समजावून सांगितलं. भूक नसलेला साप उंदराला मारत तर नाहीच, पुष्कळदा त्याला हटकतही नाही. पेटीत कोंडलेल्या उंदराला मात्र रात्रभर खायला काही नसतं, म्हणून तो समोर असेल ते कुरतडतो. बिलाच्या रकमेत दोन वर्षांचे गोठवलेले उंदीर आले असते. ते बाबांनी भरलं, एक शब्दही न बोलता.

घरी आल्यावर मिहिरचा सगळा राग त्या उंदरावर निघाला. आजोबांनी त्याला गॅलरीत बोलावून घेतलं.

"आम्हाला शाळेत एक श्लोक पाठ होता. भर्तृहरीच्या नीतिशतकातला. एका करंडीत साप कोंडलेला असतो. भुकेने गलितगात्र झालेला, सुटकेची आशा सोडलेला. रात्री एक उंदीर बाहेरून करंडीला भोक पाडतो आणि नेमका सापाच्या तोंडात जाऊन पडतो. साप त्याला खातो, तरतरीत होतो आणि त्याच भोकातून निघून जातो. सांगायचं काय, तर वाढवणारं आणि बुडवणारं दैवच आहे, तुम्ही निश्चिंत राहा."

"इथे उलटं झालं," मिहिर म्हणाला. "उंदराचं नशीब जोरावर होतं."

"मीही इतकी वर्षं तसंच म्हणायचो. साप सुटला, त्याचं दैव. उंदीर मेला, त्याचं दैव. आज तुझी पेटी बघितली आणि मनात आलं, त्या सापाला करंडीत घातलं कुणी? उपाशी कुणी ठेवलं? श्लोकात त्याचं नावसुद्धा नाही. झाकण लावून तो झोपायला गेला असणार." आजोबा क्षणभर थांबले. "या घरातल्या दोघांचंही दैव चौदा वर्षांचं आहे, बाबा. आणि काल रात्री तेही झोपायला गेलं."

मिहिर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सगळे उंदीर मागच्या मैदानात सोडून देतो."

"पिढ्यान्‌पिढ्या टबात वाढलेले पांढरे उंदीर? या उन्हात? ते काही सोडणं नव्हे. आपल्याला दिसणार नाही अशा जागी नेऊन मारणं झालं."

"मग हे सगळं बंद करतो आणि पूर्वीसारखे दुकानातून आणतो."

"आण की. त्यात काही वाईट नाही. पण तिथल्या उंदरालाही कुठेतरी टब होता आणि टबाला झाकण होतं. त्याचं पाणी कोण बदलत होतं आणि तो कसा मेला, हे तुला दिसत नाही, एवढंच. विकत घेतल्याने हात स्वच्छ होत नाहीत, फक्त लांब राहतात."

त्या दुपारी नातू आणि आजोबा जमिनीवर बसून एकेक उंदीर उचलत होते. नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. चावलेल्या शेपट्यांचे वेगळे. जखमी घुबडं आणि ससाणे सांभाळणाऱ्या एका केंद्राला मिहिरने फोन केला. त्यांना पक्ष्यांसाठी उंदीर लागतच होते. मिहिर स्वतः ते घेऊन गेला. ते कशासाठी चालले आहेत, हे त्याने स्वतःपासून लपवलं नाही.

घरी एक नर आणि दोन माद्या ठेवल्या. नराचा टब वेगळा. फ्रीझरमधला साठा संपत आला की तेवढ्यापुरता तो माद्यांकडे जाई आणि त्या गाभण दिसल्या की परत आपल्या जागी येई. दोघींचं एक वेत केशरला तीन-चार महिने पुरे. पिल्लं किती व्हावीत, ते आता सापाच्या भुकेवरून ठरत होतं. मारण्याची रीत मिहिरने डॉक्टरांकडून समजून घेतली आणि पहिल्यांदा ते केलं तेव्हा बाबा शेजारी उभे होते. गॅस हळू सोडला, डब्यात गर्दी केली नाही, हालचाल थांबल्यावरही ठरलेला वेळ वाट पाहिली. मिहिर त्या रात्री जेवला नाही. कुणी आग्रहही केला नाही.

केशर दोन-तीन काती टाकून बरी झाली. पाठीवर खवल्यांची तीन वेडीवाकडी ठिगळं राहिली. ऑक्टोबरात आजोबा मनमाडला परतले.

हिवाळ्यात मिहिरचा एक वर्गमित्र केशरला बघायला आला आणि हरखून गेला. त्यालाही साप हवा होता, आणि तोही लगेच. मिहिरने त्याच्यासमोर एक छोटा टब ठेवला.

"आधी या दोन माद्या घेऊन जा. महिनाभर यांचं पाणी, भुसा, खाणं न चुकता कर. मग साप आणायचा की नाही, ते ठरव."

"पण मला उंदीर नाही पाळायचे. साप पाळायचाय."

"साप आठवड्यातून एकदा जेवतो," मिहिर म्हणाला. "उंदीर रोज जेवतात."

मित्र टब घेऊन गेला. दुसऱ्या आठवड्यात उंदीर परत आले, साप काही त्याने आणला नाही. मिहिरला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. न पेलणारं ओझं आधीच ओळखलेलं बरं.

तात्पर्य : ज्याच्या हाती करंडीचं झाकण असतं, त्याला दैवावर बोट ठेवता येत नाही. खाणाऱ्याला जो पाळतो, तो त्याच्या खाद्याचाही धनी असतो. लाडक्या जिवाला जपणं कुणालाही जमतं. ज्याचा लाड करायचा नाही, ज्याला उद्या मारायचंही आहे, त्याचं पाणी आज वेळेवर बदलतो, त्यालाच पाळणारा म्हणावं.