दोषाचे अधिष्ठान

कमोडोर ६४ हे १९८२ साली बाजारात आलेले यंत्र आज बहुतेकांच्या घरातून गेले असले, तरी ‘व्हाइस’ नावाच्या एम्युलेटरात त्याचा सगळा संसार, ६५१० प्रोसेसर, पडद्याची चिप आणि ६४ किलोबाइट मेमरी यांसह, शाबूत नांदतो. आणि त्यातला मॉनिटर, म्हणजे प्रोसेसरच्या आत डोकावण्याची खिडकी, उघडला की त्या संसारातला काळ अक्षरशः उभा राहतो, ‘झेड’ लिहून एंटर दाबले की एक आज्ञा पुढे सरतो, आणि पुन्हा उभा राहतो. मूळ चिपला असे थबकणे मानवत नसे. तिच्यातली रजिस्टरे विद्युत्भारावर जगत, आणि घड्याळ फार मंद केले तर तो भार पाझरून जाई. १९७६ च्या किम-१ या यंत्रावर एकेक पाऊल टाकण्यासाठी एक सरकते बटण होते खरे, पण ते प्रोसेसरला थांबवीत नसे. प्रत्येक आज्ञेनंतर इंटरप्ट देऊन त्याला देखरेखीच्या प्रोग्रामकडे वळवी, इतकेच. चंचल मनाला रिकामे न बसवता नामस्मरणाला लावतात, त्यातलाच हा प्रकार.

योगसूत्रांच्या विभूतिपादात क्षण आणि क्षणांचा क्रम यांवर संयम करण्यास सांगितले आहे, आणि व्यासभाष्याने त्यावर मोठ्या धिटाईने म्हटले आहे की, वर्तमान असा एकच क्षण असतो, दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत, म्हणून मुहूर्त, दिवस, रात्र हे समूह केवळ बुद्धीने रचलेले आहेत. हे विधान मी पुष्कळ वर्षे आदराने व काहीशा अविश्वासाने वाचीत आलो होतो. त्याचा अनुभव मात्र आला तो एका क्षुल्लक चुकीच्या तपासात.

चाळीस अक्षरांची एक ओळ पडद्याच्या माथ्यावर, म्हणजे पत्ता १०२४ पासून पुढे, उतरवायची होती. ओळीच्या आरंभी रोमन लिपीत ‘नमस्कार’ होता आणि पडद्यावर त्यातले पहिले ‘एन’ तेवढे उमटत नव्हते. एक्स रजिस्टरात ३९ भरायचे, त्या क्रमांकाचे अक्षर उचलायचे, पडद्यावर ठेवायचे, एक्समधून एक वजा करायचा आणि उत्तर शून्य नसेल तर मागे फिरायचे, एवढाच तो कारभार. पडद्याच्या चिपने, म्हणजे व्हिकने, मधून मधून अडवून धरलेली चक्रे सोडली, तर अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित अधिक वेळात तो उरकतो. मी तो १५७ वेळा एंटर दाबून पाहिला. प्रत्येक वेळी रजिस्टरांची ओळ समोर येई आणि प्रत्येक वेळी मला मान्य करावे लागे की, हुकमाची तामिली बिनचूक झाली आहे. अखेर एक्स शून्यावर आला, झीरो फ्लॅग १ झाला, मागे फिरण्याची अट तुटली आणि शून्य क्रमांकाचे अक्षर जागच्या जागी राहिले. पण हे पाऊलही आज्ञेप्रमाणेच पडले होते. कोणत्या क्षणाची जबानी घ्यावी?

सारे क्षणभंगुर मानणाऱ्या बौद्ध क्षणिकवाद्यांवर विरोधकांचा जुना आक्षेप आहे, कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम यांचा: करणारा क्षण नष्ट झाला असेल, तर केलेले फळाविना जाते आणि न केलेले भलत्याच्या माथी येते. मिलिंदप्रश्नात ही अडचण नागसेन आंबेचोराच्या दृष्टान्ताने सोडवतो. मालकाने लावलेले आंबे निराळे, मी नेलेले निराळे, हा चोराचा बचाव टिकत नाही, कारण लावलेल्यांतूनच नेलेले उपजले. संततीचे, म्हणजे एकातून एक उपजणाऱ्या क्षणांच्या प्रवाहाचे, हे उत्तर बुद्धिमान आहे, तरी माझ्या १५७ पावलांना ते पुरत नाही. कोरी जागा कशातून आली हे संतती सांगते. कोरी जागा हा दोष का, हे सांगत नाही. कोणी एकोणचाळीसच अक्षरे मागितली असती, तर हाच प्रवाह, याच रजिस्टरांसह, निर्दोष ठरला असता.

तेव्हा दोष क्षणात नव्हता आणि, माझ्या मते, क्रमातही नव्हता. तो माझ्या हेतूत आणि त्या हेतूच्या मी केलेल्या मसुद्यात पडलेल्या अंतरात होता, आणि ते अंतर मॉनिटरच्या कोणत्याही रकान्यात उमटत नाही. चेतना हेच कर्म, असे बुद्धवचन आहे. ज्याला चेतना नाही त्या प्रोसेसरला पापही लागत नाही, पुण्यही. सदोषपणा पाहायला साक्षी पुरत नाही, अपेक्षा बाळगणारा कोणी लागतो. सांख्यांचा पुरुष, जो केवळ पाहतो, त्याला ती कोरी जागा दिसली असती. ती चुकली आहे हे दिसले असते, असे मला वाटत नाही.

शून्य नसेल तर मागे फिरण्याच्या आज्ञेचा आकडा २०८ होता. त्या जागी मी १६ लिहिला, म्हणजे उत्तर ऋण होईपर्यंत मागे फिरण्याची आज्ञा. ‘एन’ उमटले.