निनावी मुद्रा आणि नावाचे बिल

'मुद्रा' हा शब्द मराठीत नाण्यालाही आहे आणि शिक्क्यालाही. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो, तिला आपण नाममुद्रा म्हणतो. चलन आणि ओळख यांचे नाते भाषेने असे पूर्वीच मान्य केलेले आहे. बिटकॉइन ते तोडू पाहते : त्यात सही उरते, नाव जाते. २००८ साली त्याचा आराखडा मांडणारा सातोशी नाकामोतो हेही टोपणनावच. केशवसुतांमागे कृष्णाजी केशव दामले सापडतात; येथे मागे कोणी सापडत नाही. (बार्थला हा लेखक आवडला असता, असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.)

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर वचन देणारा नावानिशी सही करतो, पण वचन ज्याला दिले तो केवळ 'धारक' असतो. शीव कोळीवाड्यात पापलेटाचे पैसे रोख मोजले की तो व्यवहार तेथेच विसरला जातो. बिटकॉइनच्या वहीत मात्र ३ जानेवारी २००९ पासूनची प्रत्येक देवघेव कोणालाही वाचता येईल अशी नोंदलेली आहे. एका पत्त्याशी एकदा नाव जुळले की मागचा माग काढता येतो. तेव्हा जिचा गोपनीयता म्हणून गौरव होतो ती वस्तुतः टोपणनावाची सोय आहे, आणि टोपणनावे फुटतात हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला सांगायला नको.

आता विजेचे बिल घेऊ. कोळीवाड्यात ते बेस्टचे येते. ते भागवायचे तर बिटकॉइन विकून आधी रुपये करावे लागतात. आणि मार्च २०२३ च्या अधिसूचनेनंतर अशा विक्रीकेंद्रांवर ग्राहकाची ओळख पडताळण्याचे कायदेशीर बंधन आहे. निनावी पैसा अखेर नावाच्या दारातूनच बाहेर पडतो. शिवाय जे भागवायचे ते बिल स्वतःच ओळखपत्र आहे. २०१२ साली येथील घरे पाडली जात असताना ही वस्ती जुना कोळीवाडा की झोपडपट्टी, हा वाद पेटला होता. अशा वेळी जुने वीजबिल हा राहत्या माणसाचा पुरावा ठरतो. त्याचे संकट नोंद होण्याचे नसते, नोंदीतून गळण्याचे असते. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयतेला मानवी प्रतिष्ठेशी जोडले, ते योग्यच झाले. पण तीच प्रतिष्ठा कधी झाकले जाणे मागते, तर कधी ओळखले जाणे.

मला येथे परिचय आणि पडताळणी यांतला भेद महत्त्वाचा वाटतो. मासळीवाली गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखते, म्हणून उधार देते. गिऱ्हाईकही तिला ओळखत असते. पडताळणी एकतर्फी असते : खिडकीपलीकडचा विचारतो, अलीकडच्याने दाखवायचे. बिटकॉइनचा या एकतर्फीपणावरचा राग मी समजू शकतो. परंतु त्यावर त्याने शोधलेला उपाय विश्वासाची गरजच नाहीशी करण्याचा आहे, आणि त्यात पडताळणीबरोबर उधारीही जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्यांसाठी आधारची सक्ती रद्द केली, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याच्या अधिकारालाच मर्यादा घातली गेली. खिडकी राहिली, तिच्यातून काय मागता येईल, ते मात्र ग्राहकालाही तपासता येऊ लागले.