देहाची खूण आणि भाविकाचे मौन

पायाचे मोल वारकऱ्याला सांगायला नको; आळंदीहून पंढरीला निघणाऱ्याचे सारे भांडवल तेच. म्हणून पायाचाच एक प्रश्न वाचक सज्जनांपुढे ठेवीत आहोत. पाय एकाएकी बधिर झाला, त्यातले बळ गेले आणि घटकेत परत आले, तर ते कोणाला न सांगणे ही श्रद्धा म्हणावी की चोरी?

प्रसंग हमरापूरचा. पेण तालुक्यातले हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध. श्रावणात तिथल्या कारखान्यांत रात्र कुठली नि दिवस कुठला! मूर्तीच्या कामात गुंतलेल्या माळकऱ्याला आषाढी साधणे कठीण. तो कार्तिकीकडे डोळे लावून असतो. अशाच एका वृद्ध मूर्तिकाराकडे आम्ही गेलो होतो. तासभर उभ्याने ते एका उंच मूर्तीला रंग देत होते. पाणी आणायला दाराशी गेले आणि उजवा पाय एकदम गळाला. भिंत धरून खाली बसले. चिमटा काढला तरी कळेना. दहा मिनिटांनी पाय पूर्ववत!

"बसून बसून मुंग्या आल्या," म्हणाले. मग हळूच, "घरी बोलू नका हो बुवा. पोरगा कार्तिकी बंद करील."

आम्ही मान हलवली. तिथेच आमचे चुकले.

मांडी घालून फार वेळ बसले की गुडघ्याजवळची नस दाबली जाते, मुंग्या येतात, पाय मोकळा केला की जातात. हे आपल्याला कीर्तनात नित्याचेच. पण हे गृहस्थ बसले होते कुठे? उभ्या माणसाचा पाय एकाएकी जातो, तेव्हा दोष पायात नसून मेंदूत असू शकतो. उजव्या अंगाची सूत्रे मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात. तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पाय जातो. ती विरघळली की परत येतो. बहुधा तासाभरात, फार तर २४ तासांत. कधी सोबत तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. कधी नुसता पायच. परंतु पाठोपाठ खरा अर्धांगवायू येण्याचे भय पहिल्या ४८ तासांत सर्वांत अधिक असते. म्हणजे पाय बरा वाटतो, तीच धावपळ करण्याची वेळ!

आम्ही हे सांगू लागलो, तर ते हसून म्हणाले, "विठोबाने पाय परत दिला, आता वैद्याकडे जाऊन त्याच्यावर अविश्वास दाखवू?"

बोलणे गोड होते, पण आम्हाला पटले नाही. देवाने दिले असे म्हणायचे आणि दिलेले राखायचे नाही, ही कृतज्ञता कसली? आणि खरे कारण विठोबा नव्हताच. कार्तिकी बुडेल ही धास्ती होती. ती धास्ती खोटी नव्हे. घरचे लोक काळजीपोटी वृद्धाचे दार बंद करतात, हे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. त्यांनीही विचार करावा. रक्तदाब, मधुमेह, नाडीची अनियमित गती, तंबाखू यांचा बंदोबस्त झाला तर पुष्कळांना पुन्हा चालता येते. उलट लपवलेल्या दुखण्याचे ओझे शेवटी सुनेच्या अन् मुलाच्याच खांद्यावर येते, तेही त्यांना न विचारता.

राहिला आमचा शब्द. दिलेला शब्द मोडणे आम्हाला जड जाते. पण मुलापासून लपवायला आम्ही त्यांना हात दिला असता आणि पहाटे ते उठलेच नसते, तर त्या शब्दपालनाला कोणी पुण्य म्हटले असते? आम्ही स्पष्ट सांगितले, "शब्द परत घेतो. तुम्ही सांगा, नाहीतर आम्ही सांगू." घरातली रक्त पातळ करणारी गोळी घ्यायला निघाले, तीही थांबवली, आत रक्तस्राव नाही ना, हे मेंदूचे चित्र काढल्यावाचून कळत नाही.

बराच वेळ ते गप्प होते. मग मुलाला हाक मारली आणि स्वतःच सांगितले. मुलाने १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत म्हणाले, "एवढी डोळ्यांची आखणी उरकून घेतो."

मुलाने ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला.